मागून कोरं नख येतं

कसबा पेठेतल्या बद्रीनाथांना तांब्याची भांडी ठोकता ठोकता स्वतःची बोटंही ठोकून घ्यायची पस्तीस वर्षांची सवय. त्यामुळे डाव्या अंगठ्याच्या नखात काळी रेघ उमटली, तेव्हा त्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"हातोडी लागली," ते बायकोला म्हणाले.

"कधी?" मैनाबाईंनी विचारलं.

"लक्षात ठेवायला ती काय लग्नाची तारीख आहे?"

"ती तरी कुठे आहे तुमच्या लक्षात." मैनाबाईंनी त्यांचा हात ओढून खिडकीशी धरला. "अहो, मार लागलेली नखं मी जन्मभर बघतेय. डाग नखाबरोबर पुढे सरकतो, मागून कोरं नख येतं. ही रेघ दिवाळीपासून मुळाला चिकटून आहे. आणि आता कातडीवर उतरलीय."

दुसऱ्या दिवशी बद्रीनाथ दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर दवाखान्यात गेले.

त्वचेच्या डॉक्टर कल्याणींनी नखाखालचा तुकडा तपासायला पाठवला. आठवड्यानं दोघांना समोर बसवून म्हणाल्या, "मेलानोमा आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडे क्वचित होतो. झाला तर बरेचदा तळपायाला, तळहाताला, नाहीतर नखाखाली."

"हातोडीनं झाला?"

"ते ठामपणे सांगता येत नाही. पण हातोडीमुळे तो लपला, एवढं खरं."

"अंगठा जाणार का?"

ऐरणीवर भांडं धरून फिरवतो तो हा डावा अंगठाच. तो गेला, तर उजव्या हातातली हातोडी नुसतं लोखंड.

"अजून वरच्याच थरात आहे. नख मुळासकट काढू, दुसरीकडची कातडी लावू. अंगठा राहील. तपासणीला मात्र येत राहायचं."

तीन महिन्यांनी बद्रीनाथ ऐरणीशी बसले. बिननखाच्या अंगठ्याला मुंग्या येत होत्या. तांब्या दोनदा निसटला. तिसऱ्यांदा त्यांनी अंगठ्याची कड टेकवली, आणि ठोके सुरू झाले.

"ठेका चुकतोय," आतून मैनाबाई.

"अंगठा नवीन आहे. शिकेल."

शेजारचे कारागीर दत्तोबा विचारपूस करायला आले. बद्रीनाथांनी तांब्या खाली ठेवला.

"हात दाखव."

"मी काय भविष्य विचारायला आलोय?"

"करंगळीचं काळं कधीपासून?"

"हातोडी लागली रे."

"अगं," बद्रीनाथांनी आत हाक मारली, "जरा खिडकीशी ये."

मैनाबाईंनी नख निरखलं. "मागून कोरं आलंय. मारच आहे. जा, कामाला लागा."

दत्तोबा हसत निघाले. पण दारातल्या उजेडात थांबून त्यांनी दुसऱ्या हाताची नखंही बघून घेतली.