बारवेवरचा फोटो खोटा म्हणे

निवृत्तीनंतर बरेच गुन्हे विसरलो, आरोपींचे चेहरेही एकमेकांत मिसळले. पण एका फोटोपायी ठाण्यात झालेला गोंधळ आठवला की अजून हसू येतं आणि स्वतःची थोडी लाजही वाटते.

तेव्हा मी परभणी जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्याचा प्रभारी होतो. हद्दीतल्या एका गावात जुनी बारव आहे, पायऱ्या उतरून पाणी घ्यायची दगडी विहीर. कायद्यानं ती सगळ्यांची, पण बौद्ध वस्तीला तिथं मज्जाव असायचा. बहात्तरच्या दुष्काळात बाकीचं पाणी आटलं, तेव्हा वस्तीतली सतरा वर्षांची मुलगी पोलीस बंदोबस्तात बारवेत उतरली आणि डोक्यावर घागर घेऊन वर आली. त्या क्षणाचा फोटो पेपरात आला, पुढं पुस्तकांत, पोस्टरांवर गेला. गावच्या शाळेतही त्याची मोठी फ्रेम होती. फोटोतली मुलगी आता गावात आजी झाली होती.

एका सकाळी बीट अंमलदार खबर घेऊन आला. "साहेब, फोटोवरून गाव तापायलंय. शाळेतली फ्रेम काढली."

गावातल्या एका खताच्या दुकानदारानं बारवेवर उभं राहून व्हिडिओ केला होता. एका हातात फोटो, दुसऱ्या हातात मोबाईल. "बघा, फोटोत मारुतीचं देऊळ डावीकडं हाय. हितं उजवीकडं. ही बारव आपली न्हाईच. हा फोटो बनावट हाय." एवढंच तो बोलला होता. बाकीचा मसाला पुढं पाठवणाऱ्यांनी घातला. म्हातारी खोटारडी, तिनं फुकटचा मान मिरवला, असं काय काय. वस्तीतली पोरं चिडली होती. दोन्हीकडून अर्ज आले. मी स्टेशन डायरीला नोंद घेतली, गावात दोन शिपाई ठेवले.

दुपारी आजी स्वतः आल्या. ठाणे अंमलदारासमोरच्या बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "सायब, कुणाला धरू नका. म्या पाणी आणलं, येवढं सरकारी कागदावर लिहून द्या. नातवंडं इचारायलीत, आजी, खरं का खोटं."

मी म्हणालो, आधी चौकशी करू. जीप काढली, बारवेवर गेलो, फोटो डोळ्यांसमोर धरला. दुकानदार बोलला ते खरं होतं. देऊळ चुकीच्या बाजूला. माझ्याही मनात शंका शिरली. परत येऊन मी साहेबी आवाजात म्हणालो, "आजी, फोटो काही जुळत नाही."

"तुमी बी तसंच म्हणायलाव?" आजी एवढंच बोलल्या. बाकावरून मात्र उठल्या नाहीत.

मग दुकानदाराला बोलावलं. शाळेतली फ्रेमही मागवून घेतली. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक कळलं होतं: लबाड माणूस प्रश्न विचारायच्या आधीच उत्तर देतो. हा तसा नव्हता. विचारलं तेवढंच सांगायचा.

"आजींशी तुमचं वैर काय?"

"काहीच न्हाई साहेब. आमच्या घरी लग्नात जेवायला आल्यात. पण जे दिसलं ते बोललो. आनखी एक बघा." त्यानं फ्रेम टेबलावर ठेवली. "फोटोतल्या पोरीनं घागर ज्या हातानं धरलीय त्या उजव्या हातावर गोंदण हाय. आजीचं गोंदण डाव्या हातावर हाय. मग ही त्याच कशा?"

मी आजींना हात दाखवायला सांगितलं. गोंदण डाव्या मनगटावरच होतं. पाच पाकळ्यांचं फूल, फोटोतल्यासारखंच. आली का पंचाईत! फूल तेच, हात दुसरा.

फोटोत वरच्या पायरीवर बंदोबस्ताचा एक शिपाई उभा आहे. परेडला जन्मभर लोकांची बटणं तपासलेला माणूस मी, माझी नजर सवयीनं त्याच्या खाकी शर्टावर गेली. पुरुषाच्या शर्टाचं काजांचं डावं पान उजव्यावर येतं. याचं उजवं वर होतं, बायकांच्या पोलक्यासारखं. असा शर्ट घालून कुठला शिपाई ड्युटीवर येईल? देऊळ उलटं, गोंदण उलटं, बटणंही उलटी. म्हणजे सगळंच उलटं.

प्रत्येक ठाण्यात दाराशी एक मोठा आरसा असतो, गणवेश ठीक आहे का ते पाहायला. मी फ्रेम उचलली, दुकानदाराला सोबत घेतलं आणि आरशासमोर उभा राहिलो. आरशात देऊळ उजवीकडं गेलं, शिपायाची बटणं जागेवर आली आणि पोरीचा डावा हात घागरीवर दिसला.

दुकानदारानं आरशातल्या देवळावर बोट टेकवलं. "अरे बाप रे, साहेब," तो हळूच म्हणाला, "लय मोठी चूक झाली."

खात्री म्हणून परभणीतल्या एका जुन्या स्टुडिओवाल्याला विचारलं. तो हसला. "निगेटिव्ह पालथी बसली की असंच छापतं साहेब. आमच्या हातून कित्येक नवरदेव डावखुरे झालेत." एकदा उलटा छापलेला फोटो पाहूनच पुढं सगळ्यांनी छापला, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुकानदारानं दुसऱ्याच दिवशी बारवेवरून नवा व्हिडिओ टाकला, आजींची माफी मागितली आणि शाळेसाठी सुलट फोटोची फ्रेम स्वतः करून आणली. दोन्ही बाजूंनी अर्ज मागं घेतले. मला फार बरं वाटलं. कुणाला कोठडीत न टाकता प्रकरण मिटलं की पोलिसाला चहा गोड लागतो.

पण लाजेची गोष्ट पुढंच आहे. कागद बंद करायचे म्हणून मी आजींचा जबाब घ्यायला बसलो. तोपर्यंत मी बारव तपासली होती, बटणं तपासली होती, स्टुडिओवाल्याला गाठलं होतं. जी बाई त्या पायऱ्या उतरली होती, तिला त्या दिवशी काय घडलं हे मी विचारलंच नव्हतं.

आजी म्हणाल्या, "फोटो दुसऱ्या खेपेचा हाय सायब. पहिल्या खेपेला घागर भरून वर येताना लोक बघायले म्हणून हातपाय कापाय लागले. घागर सुटली, गडगडत पार खाली पाण्यात गेली. वरची माणसं लय हसली. शिपाई म्हणला, चल पोरी, झालं आता, घरी चल. म्या न्हाई गेले. खाली उतरले, घागर काढली, परत भरली. तवा त्या फोटोवाल्यानं फोटो काढला."

ते शब्द मी माझ्या हातानं, सरकारी कागदावर, त्यांच्याच भाषेत उतरवून घेतले आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांनी सावकाश सही केली. फोटो खरा की खोटा यावर आम्ही चार दिवस घालवले. पण घागर पडल्यावर, लोक हसत असताना ती पोर पुन्हा पायऱ्या उतरली, त्याचा फोटो कुणाकडंच नव्हता. ते विचारल्याशिवाय कळलं नसतं, आणि विचारायचं तेवढं माझ्याकडून राहून चाललं होतं.