लाभ, द्वा, त्शी

आयुष्यभर दुसऱ्यांचे निबंध तपासलेल्या बाईने साठी उलटल्यावर स्वतः लिहायला बसावे, हे धाडसच आहे. संस्कृत शिकवीत असताना मला बोलण्यासाठी निदान पाठ्यपुस्तकाचा आधार असे. इथे तोही नाही. वाचकांनी सांभाळून घ्यावे. लिहिण्याचे कारण आनंदाचे आहे, एवढीच माझी सबब.

माझा मुलगा जहाजावर इंजिनिअर आहे. त्याची पत्नी पोलंडची. या एप्रिलमध्ये त्याची सुट्टी लांबणीवर पडली आणि सूनबाई एकटीच आमच्या पावसजवळच्या घरी पुढे आली. आम्हा दोघींना समाईक भाषा एकच, इंग्रजी. ती मला वाचता उत्तम येते. बोलायची वेळ आली की मात्र प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून पाहते, आणि तोवर समोरचा माणूस उठून गेलेला असतो. "चहा?" आणि "हो" यांच्यापलीकडे आमचे संभाषण जाईना. चौथ्या दिवशी तिने हळूच विचारले, "गोव्याची बस कुठून सुटते? तो येईपर्यंत मी तिथे राहते. तुम्हाला उगाच त्रास." थांब म्हणावेसे फार वाटले, पण मी तिला स्टँडचे नाव सांगितले.

दुसऱ्या दिवशी मांगरात, म्हणजे बागेतल्या आमच्या कौलारू खोपटात, पहिली पेटी भरायची होती. हा कारभार माझ्या थोरल्या जाऊबाईंचा. पेटीत पेंढा पसरून त्यांनी पहिला आंबा ठेवला आणि मोठ्याने म्हटले, "लाभ!" मग दोन, तीन, चार.

सूनबाईने येण्याआधी फोनवरून मराठी आकडे पाठ केले होते. मदत करावी म्हणून ती उत्साहाने म्हणाली, "काकू, लाभ नाही. एक!"

जाऊबाईंचा हात थांबला. "अगो, पहिल्या पेटीला एक म्हणालीस? काढा सगळे बाहेर!" आणि एकेक आंबा परत टोपलीत जाऊ लागला.

पोरीचा चेहरा उतरला. आपण काहीतरी भयंकर केले, एवढेच तिला कळले. तिने माझ्याकडे पाहिले. मग वाक्य तपासायला मला सवडच मिळाली नाही. मी बोलत सुटले. भात मोजताना आमच्याकडे पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. सुरुवात शुभ शब्दाने व्हावी म्हणून. आमच्या घरात आंब्यांनाही तोच मान. तू काही बिघडवले नाहीस, मोजणी फक्त पुन्हा सुरू होते.

तिने डोळे विस्फारले आणि ती खळखळून हसली. "आमच्याकडेही तसंच! एकाला येदेन म्हणतात, पण मोजायला लागलं की राझ, द्वा, त्शी!"

"राझ म्हणजे?"

"एकदा." ती थबकली. "आधी काय अर्थ होता, कोण जाणे. शोधू या?"

फोनवर सापडले ते असे: राझचा मूळ अर्थ घाव, फटका. म्हणजे त्यांची मोजणी पहिल्या घावापासून निघते आणि आमची पहिल्या लाभापासून. मग मला राहवेना. "द्वा म्हणजे आमचे द्वि. त्शी म्हणजे त्रि. पाचाला काय म्हणता?"

"प्येंच."

"पंच! शंभराला?"

"स्तो."

"शत!" मी ओरडलेच. नवाला मात्र जेव्येंच. 'नव'मधला न गेला कुठे? तेही शोधले. शेजारच्या दहाच्या, जेशेंचच्या, नादाने नवाने आपले पहिले अक्षर बदलले म्हणे. जाऊबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "शेजारणीचं बघून साडी बदलावी तसंच की! आणि सूनबाई, तुझ्या सासूला तोंड आहे हे मला इतक्या वर्षांत आज कळलं हो."

मग त्यांनी टोपली तिच्यापुढे सरकवली. "भर आता तू."

तिने आंबा उचलला, जाऊबाईंकडे पाहिले आणि ठासून म्हणाली, "लाभ!" पुढे पोलिश सुरू झाले: द्वा, त्शी, च्तेरी. जाऊबाईंनी मान डोलावली. सुरुवात बरोबर झाली होती. पुढचे कुठल्याही भाषेत चालण्यासारखे होते.

संध्याकाळी मी मनातही न तपासता विचारले, "बसचं काय ठरलं?"

"कुठली बस?" ती म्हणाली. "अजून एकोणीस राहिलाय. आम्ही त्याला दहावर नऊ म्हणतो, आणि तुम्ही विसाला एक कमी का म्हणता, ते सांगा आधी."

मुलगा घरी पोचला तेव्हा आम्ही तिघी मांगरात पेंढ्यात बसून एकाच वेळी दोन भाषांत मोजत होतो. त्याला दारातच थांबावे लागले. मोजणी मध्ये तोडायची नसते.

तुमच्या घरी मोजायला सुरुवात कुठल्या शब्दाने करतात?