सगळं शिफ्ट करणारा

आमच्या कॉलनीतल्या टेम्पोवाल्याकडे शब्द एकच. कपाट शिफ्ट, तुळस शिफ्ट, दवाखान्यातला पेशंट शिफ्ट. शेजारचे काका वारले तेव्हाही म्हणाला, "बुढा शिफ्ट झाला." कुठलीही वस्तू तो आधी चपलेच्या टोकानं ढकलून वजन जोखायचा. मला ते आवडत नसे.

मी रिटायर झालो आणि प्लांटचं क्वार्टर सोडायची वेळ आली. सामान चढलं. दारात कुलूप घेऊन आलेला प्लांटचा माणूस सारखा घड्याळ बघत होता, आणि आई खाटेवरून उठेना. मी तिच्यावर ओरडलो.

टेम्पोवाला खाटेजवळ आला. आता हिलाही पायानं जोखतो की काय, असं वाटून मी पुढे झालो. त्यानं चपला काढल्या.

"माय, सामान तं झालं. तू चाल, समोर बस अन् रस्ता सांग. मले मालूम नाही."

नवं घर रिसालीत, आणि तिथल्या साऱ्या गल्ल्या त्याला पाठ होत्या. आईनं ते घर पाहिलंही नव्हतं. तरी ती उठली.

मी स्कूटरवर मागे होतो. चौकात तिनं खिडकीबाहेर हात काढून रस्ता दाखवला, परत क्वार्टरकडचा.

त्यानं भरलेला टेम्पो निमूट वळवला.