चिकटपट्टी लावलेली कॅसेट

टीव्ही-रेडिओ दुरुस्त करता करता मामांच्या डोळ्यांची पार वाट लागली, तेव्हा भाचीनं फर्मान काढलं की आता दुकान आवरायचं. रविवारी दुपारी ती रिकामी खोकी घेऊन हजर झाली. तिची आई म्हणजे मामांची धाकटी बहीण. लेक आठ महिन्यांची असताना दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन ती गेली. पोर मामांनी वाढवली आणि पुढं पोरीनं मामांना वळण लावलं.

वरच्या फळीवर फडक्यात गुंडाळलेला जुना कॉम्प्युटर निघाला. बटणांची एक जाडजूड पाटी, तिच्याच पोटात सगळा कारभार. पडदा घरातल्या टीव्हीचा उसना घ्यायचा. म्हणजे घरात मालिका सुरू झाली की कॉम्प्युटरनं गपगुमान बाजूला व्हायचं. वीज गेली की गडी केलेलं सगळं विसरून जायचा. मासिकात छापून आलेल्या प्रोग्रॅमच्या ओळी मामा मोठ्यानं वाचत, बहीण टाइप करी. तीन-तीन तास. एक स्वल्पविराम राहिला तरी मशीन तोंड फिरवून बसायचं आणि मग बहीण-भावाची जुंपायची, तू चुकीचं वाचलंस की तू चुकीचं दाबलंस.

जमलेला प्रोग्रॅम साध्या टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर साठवायचा. कुठं काय आहे ते नंतर सापडावं म्हणून बहिणीनं स्वतःची रीत काढली होती. आधी टेपवर तोंडानं प्रोग्रॅमचं नाव सांगायचं, मग पाचपर्यंत मोजायचं आणि पाच म्हटलं की कॉम्प्युटरची वायर टेपरेकॉर्डरला खोचायची. पुढं टेपवर प्रोग्रॅमची नुसती किरकिर उमटे. शेजारीण विचारायची, तुमच्यात रोज कुणाचा गळा दाबतात हो?

ती किरकिर मामांच्या कानात बसली ती गेलीच नाही. पाणी यायच्या आधी नळात हवा ओरडली तरी त्यांचा हात थांबायचा. नळाची तोटी ते फडक्यानं आवळून ठेवत. भाचीला वाटे, म्हाताऱ्याला नळाचं वेड लागलंय.

कॉम्प्युटरखाली बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. भाचीनं तो उघडला तशी मामांच्या हातातलं सोल्डरच्या तारेचं रीळ खाली पडून घरंगळत गेलं. डब्यात एकच कॅसेट होती. लेबलावर बारीक, उजवीकडं कललेलं अक्षर. भाचीनं ते अक्षर वाणसामानाच्या एका जुन्या वहीत पाहिलं होतं. आईचं म्हणून तिच्याकडं तेवढंच होतं.

"तू तर म्हणाला होतास, आईच्या आवाजाची कॅसेट बुरशी लागली म्हणून फेकून दिली," ती म्हणाली.

मामा स्टुलावर बसले. मग खाली बघत, तुटक तुटक सांगू लागले. बहीण जाऊन तीन आठवडे झाले होते. डोकं रिकामं ठेवायचं नाही म्हणून त्यांनी दुकानातल्या सुट्या भागांची यादी मशीनवर चढवली. साठवायला हाताला लागली ती कॅसेट घातली. रेकॉर्डचं बटण दबेना. कुणी पुसू नये म्हणून बहिणीनं कॅसेटच्या कडेचा तो छोटा तुकडा मुद्दाम मोडून टाकला होता. मामांच्या हाताला धंद्याची सवय. त्या भोकावर चिकटपट्टी लावली की बटण दबतं. लावली, दाबलं, आणि दारात गिऱ्हाईक आलं म्हणून उठून गेले. परत आले तर टेप फिरतच होती. बंद करताना लेबल दिसलं.

"मी पुसलं तिला," मामा म्हणाले. "ह्या हातानं."

किती पुसलं गेलं, काही उरलंय का, हे बघायला त्यांनी त्या दिवसापासून कधी बटण दाबलं नव्हतं. डबा मात्र प्रत्येक साफसफाईत फळीवर परत ठेवला.

भाची रागावली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. तिनं विकायच्या खोक्यातला टेपरेकॉर्डर काढून पुढं ठेवला. मामांनी रबरी पट्टा ताणून पाहिला, हेड कापसानं पुसलं. काम नेमकं झालं तशी कॅसेट पहिल्यापासून लावली.

यादीची किरकिर सुरू झाली. अख्खी संपली. मग नुसती खरखर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. भाची खोक्याच्या कडेचा पुठ्ठा सोलत बसली होती. फिरणारी टेप शेवटाला आली तसे मामा बंद करायला पुढं झाले आणि भाचीनं त्यांचं मनगट धरलं.

खट्.

"...त लावू नकोस दादा, मी आहे ना! हं. एक. दोन. तीन. चार. पाच."

आणि किरकिर. ती दोघांनी शेवटपर्यंत ऐकली. टेप संपली, बटण आपोआप वर आलं.

"माझ्यासारखंच बोलते," भाची म्हणाली.

"तुझ्याहून भांडकुदळ."

"परत लाव."

मामांनी कॅसेट बाहेर काढली, पण लगेच घातली नाही. खिशातलं भिंग डोळ्याला लावून त्यांनी कॅसेटची कड उजेडात धरली. चिकटपट्टी सुकून पिवळी झाली होती. अंगठ्याच्या नखानं ती ते कुरतडू लागले. सुटेना. भाचीनं हात पुढं केला, तो त्यांनी कोपरानं बाजूला सारला.

"थांब," ते म्हणाले, "आधी ही पट्टी निघू दे."