निलंग्याकडचा नरसिंग

उमाशंकर सरांनी आपल्या क्लासच्या मंडपात स्वातंत्र्यदिनाला गुलाम रसूलना बोलावलं, ते 'आपले लातूरचे पायलट' म्हणून. हा माणूस जन्मात पायलटच्या खुर्चीवर बसला नव्हता. हवाई दलाच्या मालवाहू विमानात माल चढवायचा, वजन तोलून लावायचा, करकचून बांधायचा आणि उतरवायचा, हे त्यांचं काम. लोडमास्टर म्हणतात त्याला. पण सर म्हणाले, "चाचा, लोडमास्टर म्हटलं की पोरांना हमाल वाटतो." रसूलमियांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हमाल तर हमाल! त्यात लाज कसली?

तरी गिळलं त्यांनी. लेक सदफ याच क्लासात होती, आणि भाषण झकास झालं तर तिला पहिल्या बॅचमध्ये घेऊ, असं सरांनी हसत हसत सुचवलं होतं. भूकंपानंतर लातुरात घरांआधी क्लासच उभे राहिले. पहिली बॅच म्हणजे डॉक्टरकी, बाकीच्यांचं नशीब!

सुरुवात सरांच्या मनासारखी झाली. श्रीलंकेत आपली फौज होती ते दिवस, जाफन्याची धावपट्टी, गोळीबार चुकवून घेतलेली उड्डाणं. टाळ्या पडल्या. मग रसूलमियांची जीभ आपल्या वाटेनं गेली.

"जाताना तांदूळ न्यायचो, दारूगोळा न्यायचो. येताना पोरं आणायचो, स्ट्रेचरवर बांधून. एकाच्या पोटात गोळी. माझं बोलणं ऐकून वळखलं त्यानं, आपल्याकडचा मानूस. म्हनला, 'मामा, घोटभर पाणी द्या.' डॉक्टरची सक्त मनाई. ओला रुमाल त्याच्या ओठाला लावून बसलो मद्रासपर्यंत. 'कुठला रे तू?' तर म्हनला, 'निलंग्याकडचा. नरसिंग.'"

सर बाजूनं हातवारे करत होते, पुढे चला, विजयाचं सांगा. तेवढ्यात पोरींच्या रांगेतून सदफ उभी राहिली. घरात हे तिनं कधी ऐकलंच नव्हतं.

"अब्बा, मग तो वाचला का?"

सरांनी माईकवर हात ठेवला. "वाचला म्हणा, चाचा. आता कर्नल आहे म्हणा. पोरांना हुरूप येईल."

साध्या जवानाचा कर्नल! रसूलमियांनी तो हात झटकून टाकला.

"न्हाई माहीत!" ते ओरडले. "मद्रासला त्याला गाडीत घातला, तोवर आमचा पुढला माल तयार. उतरवा आन् फिरा! मागं काय झालं, आम्हाला कोण कळवतंय? सुट्टीत निलंग्याकडची गावं पालथी घातली. वाडीवाडीला नरसिंग भेटले, तो न्हाई भेटला. मग भूकंप झाला. पुन्हा आलो, तंबूतंबूत विचारलं. लोक म्हनले, हितं गावंच्या गावं गाडली गेली, तुम्ही एकाचं काय विचारता? खरं होतं त्यांचं. पण पाणी त्यानं मला मागितलं होतं!"

सरांनी माईक ओढून घेतला. "नरसिंग आज कर्नल आहेत, मुलांनो! जोरदार टाळ्या!"

आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. जीव भांड्यात पडल्यागत, खूश होऊन वाजवल्या. रसूलमिया तणतणत खाली उतरले. एवढा अपमान त्यांचा हमाल म्हटल्यानंही झाला नव्हता.

सदफ दप्तर घेऊन मंडपाबाहेर उभी होती, लालबुंद.

"आता पहिल्या बॅचचं काय, बेटा?"

"गेली खड्ड्यात," ती म्हणाली. "निलंग्याला आत्ता यष्टी हाय का?"