येळवसेचं विमान

आमच्या गच्चीवर टाकीशेजारी काठीला बांधलेला एक अँटेना आहे. धाराशिवातल्या आमच्या निम्म्या गल्लीला वाटतं, मी फुकटात टीव्ही बघतो. तसं न्हाय. विमानं आपला ठावठिकाणा रेडिओवरून सांगत जातात, तो हा अँटेना पकडतो आणि विमान माझ्या फोनच्या नकाशावर उमटतं. प्रवासी विमानांचं मला काही कौतुक न्हाय. मला हवी ती हवाई दलाची टेहळणीची. त्यातलं एक, पाठीवर भलीमोठी गोल तबकडी असलेलं, कधीमधी आमच्या जिल्ह्यावरून जातं. नकाशावर दिसलं होतं, डोळ्यांनी एकदाही न्हाय. एकदा ढग आडवे आले, एकदा मी ऑफिसात साहेबांपुढं उभा. बायको म्हणायची, "मुंडी वर करून चालणारा माणूस बरा पदरात पडला माझ्या!"

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, आमच्याकडं घरं ओस पडतात, सगळी माणसं रानात पूजेला. आमचं रान ढोकीजवळ. हरभऱ्यात कडब्याची कोपी उभी केली होती, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगडांचे पांडव, पुढं पालेभाज्या-शेंगांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे. वडलांचे गुडघे वळेनात म्हणून यंदा पहिल्यांदाच पूजेला आम्ही जोडीनं बसलो. आईचा कायदा कडक. नैवेद्य दाखवेपर्यंत पूजेवरून उठायचं न्हाय, आणि फोन बाहेर, भाकरीच्या टोपल्यात.

हळदकुंकू वाहतोय तोच टोपल्यातून भोंगा वाजला. तो मी त्या एकाच विमानासाठी लावलेला. अंगावर सर्रकन काटा आला. मी जरा हाललो तर आईनं नुसतं बघितलं. चार शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. बाहेर आभाळ लख्ख, आणि मी कोपीत तोंड घालून बसलेलो. देवा, आजच का रे! खरं सांगतो, रडू यायचंच बाकी होतं.

तेवढ्यात शेजारी बसलेली माझी बायको उठली. कोपीच्या मेढीला अडकवलेली माझी दुर्बीण तिनं ओढली, पदर खोचला आणि हरभऱ्यातून पळत सुटली.

"अगं बया! पूजेवरून उठती व्हय गं?" आई ओरडली.

"त्यांना बसू द्या, मी आलेच!"

आली ती धापा टाकत, साडीला हरभऱ्याची पानं चिकटलेली. "दिसलं! पाठीवर परात घेऊन चाललंय बघा. आणि दोन्ही पंखांखाली दोन-दोन भोपळे टांगल्यागत!"

चार इंजिनं. तेच होतं. माझा जीव नुसता जळला.

"फोटो?"

"फोटो काढत बसले असते तर बघितलं कवा असतं?"

आई फुगूनच बसली होती, पण नैवेद्य झाल्यावर भज्जीची पहिली वाटी तिनं सुनेपुढंच सरकवली. "लई मोठं होतं का गं?" हळूच विचारलं.

जेवता जेवता मी बायकोला म्हटलं, "माझ्या या खुळाला कायम हसतीस. मग आज पूजा सोडून पळालीस कशाला?"

"तुम्हाला उठता येत न्हवतं," ती म्हणाली. "इतकी वर्षं वाट बघितली. आपल्या घरातल्या कुणी तरी बघायला नको व्हय?"

मी माझ्यातला एक उंडा तिच्या ताटात ठेवला.

आमच्या विमानवेड्यांच्या ग्रुपवर नियम आहे, फोटो नसेल तर बघितलं असं धरत न्हाईत. तरी मी त्या दुपारी बांधावर बसून लिहिलं, "आज आम्ही बघितलं."