पाठीवरची काठी

माझ्या बाबांनी जन्मभर झाडं पाडली ती आऱ्याने. एका टोकाला ते, दुसऱ्या टोकाला काका. ओढायचं, सोडायचं आणि मधूनमधून थांबून ऐकायचं. बुंधा आतून करकरला की आरा तिथेच टाकून बाजूला व्हायचं. एक मोठा साग अख्खी सकाळ खायचा, पण आमच्या अंगावर कधी फांदीसुद्धा पडली नाही, हे ते अजून ऐकवतात.

काका थकले आणि मी साकोलीहून झाडं कापायची मशीन आणली. लाखनीकडच्या बांधांवरचे साग तोडायची परवानगी आली की ठेकेदार आम्हाला बोलावतो. पूर्वी दोन दिवस पुरायचं ते काम आता जेवणाआधी उरकतं. बाबांना मशीन आवडली. फक्त, हिच्या बोंबलण्यात झाड काय म्हणतं ते तुला कसं कळणार, असं त्यांनी विचारलं.

तोड त्यांनीच काढली. मी कापायचं, त्यांनी मागे लांब वेळूची काठी घेऊन उभं राहायचं. झाड करकरलं की काठी माझ्या पाठीला. मग मी मागे न बघता पळायचं. ठेकेदार थट्टा करायचा, की पोराला काठी लावायची मजुरी घेणारा बाप मी पहिल्यांदाच पाहतो. मशीनबरोबर कानांवर घालायची झाकणं आली होती. ती मी घालायचो.

गेल्या उन्हाळ्यात एका बांधावर काम चालू असताना वारा सुटला. साग निम्माही कापला नव्हता आणि काठी लागली. पळालो. झाड जागच्या जागी. पुन्हा कापायला गेलो, पुन्हा काठी. तिसऱ्या खेपेला शेतमालक हसायला लागला आणि माझं डोकं फिरलं. मशीन बंद करून मी बाबांना विचारलं, झोपेत काठी मारून राहिले का?

बाबांनी काठी खाली टेकवली.

"मले आता आयकू नाही ये. लय दिवस झाले, मी शेंडा पाहून मारतो. आज हवेनं समदेच शेंडे हालून राहिले."

आधी काहून नाही सांगितलं, म्हणून मी ओरडलोच. ते शांतपणे म्हणाले, "सांगतलो असतो तं तू एकटाच कापला असता."

माझे कान झाकलेले होते. त्यांचं कामच ऐकायचं, मग ते कसे झाकणार? इतकी वर्षं ते माझ्या मशीनमागे उघड्या कानांनी उभे होते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

आता मी मशीनने झाड शेवटपर्यंत कापत नाही. बुंधा थोडा राखतो, मशीन बंद करतो, पाचर ठोकतो आणि कानांवरची झाकणं काढून ऐकत उभा राहतो. वेळ जातो, ठेकेदार कुरकुरतो. बाबा घरी बसायला तयार नाहीत. ते शेजारी उभे असतात, मान वर करून शेंडा बघत. बुंधा करकरला की मी त्यांच्या पाठीला हात लावतो, आणि आम्ही दोघं बाजूला होतो.